डोंगर, दस्ता आणि वजनकाटा

न्यूझीलंडला जाऊन आलेली माणसे साधारणतः तीन गोष्टी सांगतात. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, सरोवरांचे पाणी निळे, आणि महागाई फार. तिन्ही खऱ्या आहेत. वाचकांनी त्या गृहीत धरून चालावे. मला सांगायचे आहे ते तिथल्या एका डोंगरी मुलखाविषयी, आणि बंदुकीच्या दस्त्यावरून एका मराठी घरात आठवडाभर चाललेल्या वादाविषयी. मराठीच्या प्राध्यापकाला बंदुकीतले काय कळते, असे कुणी म्हणेल. पण दस्ता हा शब्द आपल्या घरातला आहे. फारसीत 'दस्त' म्हणजे हात. दस्तऐवजात तोच हात आहे, कागदांच्या दस्त्यात तोच, आणि बंदुकीच्या दस्त्यातही तोच. शब्दाचे बोट धरून मी कुठेही शिरू शकतो. त्याचाच तर मला पगार मिळतो.

दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, क्राइस्टचर्चपासून मोटारीने दोन तासांवर, टिमारू नावाचे बंदर आहे. तिथे माझे थोरले मावसभाऊ राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दूधभुकटीच्या कारखान्यात ते इंजिनियर आहेत आणि त्या देशात त्यांची वीस वर्षे झाली. मूळचे पाटण तालुक्यातले. त्यांच्या आजोबांकडे शेतरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिचा सागवानी दस्ता कधीतरी फुटला होता, त्याला तांब्याची पट्टी ठोकलेली होती, आणि रानडुकरांच्या दिवसांत ती माळ्यावरून खाली येई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार ही गोष्टच आपल्याकडून उठली, आणि ते योग्यच झाले. अण्णांनी ती बंदूक फक्त पुसली आहे, उडवली कधीच नाही.

न्यूझीलंडात मात्र गणित उलटे आहे. त्या बेटांवर वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणे, ससे, डुकरे सारी गोऱ्यांनी आणून सोडलेली. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ जोसेफ बादशहाने १९०७ साली शॅमॉय जातीचे प्राणी भेट पाठवले. त्याच्या आधी, १९०४ साली, इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने आपल्या वोबर्नच्या बागेतले काही हिमालयी टाहर धाडले आणि ते माउंट कुकच्या पायथ्याशी, हर्मिटेज नावाच्या हॉटेलाजवळ सोडण्यात आले. टाहर म्हणजे रानबोकडाचा थोरला भाऊ. पूर्ण वाढलेला नर सत्तर किलोंच्या पुढे जातो, आणि थंडीत त्याच्या मानेवर अशी आयाळ रुळते की सिंहाने शेळीच्या घरी दत्तक जावे. नेपाळात त्याला झारल म्हणतात. न्यूझीलंडवाले पुष्कळ वर्षे त्याचे स्पेलिंग 'थार' असे करीत. आपल्याकडे थार म्हटले की वाळवंट आठवते, नाहीतर आता जीप. हा तिसरा थार मला तिथेच भेटला.

पाहुणा म्हणून आलेला हा प्राणी त्या डोंगरांत असा फोफावला की १९३० साली सरकारला त्याचे संरक्षण काढून घ्यावे लागले. तो जिथे चरतो तिथले गवताचे झुबके आणि माउंट कुक लिली या नावाने ओळखले जाणारे टपोरे पांढरे फूल नाहीसे होते. १९९३ च्या सरकारी आराखड्याने त्याची संख्या दहा हजारांच्या वर जाऊ द्यायची नाही असे ठरवले. पुढे संख्या त्याच्या कितीतरी वर गेली, सरकारी हेलिकॉप्टरे वरून टिपू लागली, आणि २०२० साली शिकाऱ्यांची संघटना सरकारविरुद्ध थेट उच्च न्यायालयात गेली. एका बाजूला फूल, दुसऱ्या बाजूला बोकड. आणि बोकडाचे वकीलपत्र शिकाऱ्यांनी घेतलेले! हिमालयात हाच जीव दुर्मिळतेच्या उंबरठ्यावर आहे आणि आपल्या कायद्याने त्याच्यावर गोळी झाडणे हा गुन्हा आहे. इथे त्याला मारणे हे जवळजवळ नागरिकाचे कर्तव्य. अण्णा हे कर्तव्य वर्षातून दोन-तीनदा बजावतात, आणि मांस खांद्यावरून खाली आणतात. वहिनी त्याचा रस्सा करतात, तो कोल्हापूरच्या रश्श्याला लाजवील असा होतो.

आता दस्त्याकडे वळतो. अण्णांचे वय पंचावन्न, आणि गेल्या दोन वर्षांपासून त्यांचा उजवा गुडघा बोलू लागला आहे. त्यांची रायफल फिनलंडची, टिक्का कंपनीची; त्या बेटावर ती घरोघर दिसते. दुकानातून येते तेव्हा ती तीन किलोंच्या आत असते. पण तिच्यावर दुर्बीण चढते, दुर्बिणीची कडी चढतात, पट्टा येतो, काडतुसे येतात, आणि नळीच्या टोकाला आवाज दाबणारे नळकांडे येते. हे नळकांडे आपण सिनेमातल्या मारेकऱ्याच्या हातात पाहतो. तिथे ते कान शाबूत राहावेत म्हणून दुकानात उघड विकत मिळते. असे सगळे मिळून साडेचार किलो होते, आणि लांबी सव्वा मीटरच्या घरात जाते. पाठीवरच्या पिशवीला बांधली की नळी डोक्याच्या वर हातभर उभी राहते.

अण्णांच्या एका मित्राने यावर तोड सुचवली होती. दस्ता बदला, आणि घडीचा घ्या. नमुन्यादाखल आपला स्वतःचा त्याने आठवडाभर वापरायला दिलाही होता. मी मे महिन्यात टिमारूला पोचलो तेव्हा तो जेवणाच्या टेबलावर काळ्या खेकड्यासारखा पडला होता.

या वस्तूला तिकडे 'चॅसी' म्हणतात. आपल्याला चॅसी म्हटली की ट्रकची आठवते, आणि कल्पना काही फार वेगळी नाही. जुन्या पद्धतीत बंदुकीचे लोखंड लाकडाच्या खाचणीत बसवतात. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि लोखंड किंचित हलले की दोनशे मीटरांवर गोळी वीतभर सरकते. म्हणून लाकडाऐवजी धातूचा सांगाडा करायचा, लोखंड त्याच्यावर दोन स्क्रूंनी घट्ट आवळायचे, आणि हाताला-गालाला लागणारे भाग वरून जोडायचे. ही रीत लोकप्रिय केली ती इंग्लंडच्या ॲक्युरसी इंटरनॅशनल या कंपनीने. तिच्या संस्थापकांतला माल्कम कूपर हा १९८४ आणि १९८८ अशा दोन ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळवणारा नेमबाज. गंमत म्हणजे तो नेमबाजी शिकला न्यूझीलंडात, ऑकलंडच्या शाळेत असताना. त्याच्या कंपनीची रायफल १९८० च्या दशकात ब्रिटिश सैन्याने घेतली. ती चांगली दणकट आणि चांगली जड होती. शिपायाला ती चालते, शिकाऱ्याला चालत नाही. मग अमेरिका-कॅनडातल्या कारखान्यांनी गेल्या काही वर्षांत ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम आणले, कारण ते तेवढ्याच आकाराला साधारण एकतृतीयांश हलके पडते, आणि उरलेले भाग कार्बनच्या धाग्यांचे केले. कॅनडाच्या एमडीटी कंपनीच्या एका नमुन्याचे नावच एचएनटी २६ असे आहे. त्यातले २६ म्हणजे २६ औंस, आपले तीन पाव. पोराच्या नावात त्याचे वजन घालावे, तसे हे झाले.

अण्णांनी ॲलन की घेतली, रायफलीचे दोन स्क्रू सोडवले, आणि वहिनींचा स्वयंपाकघरातला वजनकाटा मागून घेतला. या काट्यावर दिवाळीत बेसन मोजले जाते. जुना प्लास्टिकचा दस्ता भरला ८६० ग्रॅम. मग हलका म्हणून मिरवणारी ती घडीची चॅसी ठेवली. काटा ९२० वर थांबला. अण्णांनी ती उचलून पुन्हा ठेवली. तरी ९२०! शिवाय तिला लागणारी लोखंडी काडतूसपेटी वेगळी, ती जुन्या प्लास्टिकच्या पेटीपेक्षा जड. म्हणजे एवढा खटाटोप करून बंदूक शंभरएक ग्रॅमने वाढली.

"मग हलकी कशाच्या मानाने?" वहिनींनी विचारले.

प्रश्न बिनतोड होता. हलकी ती इतर चॅस्यांच्या मानाने. साध्या पोकळ प्लास्टिकच्या दस्त्याशी कुणी तिची तुलना छापत नाही. टिमारूच्या दुकानात आम्ही कार्बनचा, बिजागरीशिवायचा, जुन्या घाटाचा दस्ता पाहिला. त्याच्यावर ६८० ग्रॅमचे लेबल होते, आणि ज्याला केवळ वजन कमी करायचे आहे त्याने तोच घ्यावा हे उघड आहे. बिजागरी, तिचा खटका, तिच्याभोवतीची भक्कम धातू, हे सगळे वजनच असते. चॅसी घेणारा पैसे मोजतो ते मुख्यतः घडीचे. गालाखालची पट्टी वर-खाली करता येते, दस्त्याची लांबी आपल्या हाताप्रमाणे बेतता येते, हे तिचे आणखी गुण. वहिनींच्या शिवणाच्या टेपने मोजले तेव्हा नळकांड्यासकट बंदूक उघडी एक मीटर वीस, आणि घडी घातल्यावर सत्त्याण्णव सेंटिमीटर भरली. वीतभर फरक. आणि रायफल फार हलकी करणे हेही सुख नव्हे. गोळीचा धक्का बंदुकीचे वजन पितो. वजन काढले की तो खांद्याला प्यावा लागतो. अण्णांचे वजन पाच किलो उतरले तर हा सगळा प्रश्न फुकटात सुटेल, असे वहिनींनी जाता जाता सुचवले. ते कुणी ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे मोटारीने आत निघालो. फेअरली गाव सोडून बर्क्स पासची खिंड चढली की मुलूख एकदम बदलतो. झाडे संपतात आणि सिंहाच्या कातडीच्या रंगाचे गवताळ पठार सुरू होते. त्याला मॅकेन्झीचा मुलूख म्हणतात. कुणा गव्हर्नराच्या नावावरून नव्हे, तर एका मेंढीचोराच्या! या स्कॉटिश गृहस्थाला १८५५ साली हजार मेंढ्या पळवताना पकडले, शिक्षा झाली आणि पुढच्या वर्षी माफीही मिळाली. आपल्याकडे चोराच्या नावाने आळीसुद्धा नसते. टेकापो सरोवराच्या काठी दगडी चर्च आहे आणि त्याच्याजवळ मेंढपाळी कुत्र्याचा पुतळा. पाणी निळे आहे खरे, पण त्या निळ्यात दूध मिसळल्यासारखे वाटते. हिमनद्या खडक दळतात, त्याचे पीठ पाण्यात तरंगते आणि त्याने हा रंग येतो.

तिथे बाकावर बसून थर्मासमधला चहा पिताना वहिनी प्रथमच मोकळेपणाने बोलल्या. १५ मार्च २०१९ रोजी त्यांचे बिऱ्हाड क्राइस्टचर्चला होते. त्या शुक्रवारी दुपारी एका माणसाने तिथल्या दोन मशिदींत शिरून एकावन्न माणसे मारली. त्याच दिवशी शाळेतली मुले हवामानाच्या प्रश्नावर चौकात निदर्शनाला जमली होती, आणि त्यांत यांचा मुलगा होता. सारे शहर बंद झाले. मुलगा एका इमारतीत कोंडलेला, फोनवर फक्त 'मी बरा आहे' एवढे तीन शब्द, आणि वहिनी संध्याकाळपर्यंत दारात उभ्या.

"लांब बंदूक मला चालते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ती बंदूक आहे हे लांबूनच कळते. घडी घातलेली पाहिली की वाटते, ही कुणापासून तरी लपवायला केली आहे."

अण्णा चहा ढवळत राहिले. चहात साखर नव्हती.

मी नंतर शोधले तेव्हा दिसले की वहिनींची नजर आणि तिथल्या कायद्याची नजर बराच काळ एकच होती. १९९० साली आरामोआना या समुद्रकाठच्या वस्तीत एका माणसाने तेरा जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर १९९२ साली जो कायदा झाला त्यात लष्करी घाटाची स्वयंचलित-भरणी बंदूक ओळखायची लक्षणे दिली होती, आणि त्यांत घडीचा दस्ता हे एक होते. घडीच्या दस्त्याचे कूळही तसेच आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उड्या घेणाऱ्या अमेरिकन सैनिकांच्या कार्बाइनला तो असे. २०१९ च्या हत्याकांडानंतर महिन्याच्या आत संसदेने नवा कायदा केला. त्याने चेहरा सोडून आतड्याकडे पाहिले. गोळी सुटली की दुसरी आपोआप भरणाऱ्या बहुतेक बंदुका बंद झाल्या, आणि सरकारने छप्पन हजारांहून अधिक बंदुका लोकांकडून पैसे देऊन परत घेतल्या. अण्णांच्या रायफलीत दर गोळीला हाताने बोल्ट मागे ओढावा लागतो. ती या दोन्ही कायद्यांच्या बाहेर, तिला दस्ता कसलाही लावा. फक्त ७६२ मिलिमीटरांहून आखूड बंदूक तिथे पिस्तूल ठरते, आणि अण्णांची तिच्या जवळपासही येत नाही. कायद्याने प्रश्न निकालात निघाला होता. घरात तो होता तिथेच होता, आणि मला वाटते घराचीच बाजू अधिक जुनी आहे.

पुकाकी सरोवराशी टाहरचा पुतळा आहे. कातळावर उभा, आयाळ फुललेली, मागे आओराकी. आओराकी हे माउंट कुकचे माओरी नाव. १९९१ साली त्याच्या शिखराचा मोठा भाग कोसळला. आज त्याची उंची ३७२४ मीटर मानतात. एडमंड हिलरीने १९४८ साली याच्या दक्षिण धारेवर पहिली चढाई केली आणि पाच वर्षांनी तो एव्हरेस्टवर होता. हिमालयाचा बोकड इकडे आला आणि इकडचा माणूस हिमालयावर गेला. देवाणघेवाण फारशी तोट्याची झाली नाही.

रात्री ट्वायझेलला मुक्काम केला. हे गाव १९६८ साली वीजप्रकल्पाच्या कामगारांसाठी वसवले. प्रकल्प संपल्यावर मोडायचे होते, पण लोकांनी मोडू दिले नाही. सकाळी अण्णांनी जुना दस्ता लावून रायफल पिशवीला बांधली आणि आम्ही एका आडनदीच्या पात्राने आत शिरलो. इथल्या नद्या वेणीसारख्या वाहतात. धोंड्यांच्या रुंद पात्रात दहा पेड सुटतात आणि पुन्हा गुंफले जातात. पात्र सोडले की माटागौरीचे रान लागते. ही आपल्या बाभळीची परदेशी बहीण; काटे तसेच, स्वभाव तसाच. वहिनी खाली धोंड्यावर दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. उतरताना अण्णांच्या डोक्यावर उभी असलेली नळी एका फांदीत अडकली. पाय पुढे गेला, पाठ मागे राहिली, आणि ते आडवे होऊन दहा-बारा हात घसरत गेले. खाली कडा नव्हता, गवत होते. पण गुडघा सुजला, आणि वहिनींनी हे सगळे दुर्बिणीतून पाहिले होते. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मोटारीतून लाल पिशवीतला बर्फ काढून त्यांनी फडक्यात बांधला.

तिसऱ्या दिवशी अण्णा ऐकेनात. चॅसी लावली, घडी घातली, आणि त्याच वाटेने, अर्ध्याच उंचीपर्यंत, आम्ही पुन्हा गेलो. बंदूक या वेळी पिशवीच्या उंचीत मावली. रान तेच होते, पण अडकायला काही नव्हते. वर बसून दुर्बीण लावली तेव्हा समोरच्या कड्यावर एक नर दिसला. वारा त्याच्या आयाळीत शिरत होता आणि तो जणू गावच्या पाटलासारखा आपल्या दरीकडे पाहत होता. अण्णांनी दस्ता उलगडला. खटका 'खट्' असा वाजला, आणि त्या शांततेत मला तो देवळाच्या घंटेएवढा मोठा वाटला. टाहरने मान वळवली, पण तो हलला नाही. अण्णा पालथे पडले, गाल धातूजवळच्या पट्टीला लावला, आणि थंडीने शहारले. मे महिन्यात तिथे हिवाळा दारात असतो; लाकूड असे चावत नाही. बराच वेळ ते दुर्बिणीतून पाहत राहिले. मग बोल्ट मागे ओढून त्यांनी गोळी काढून खिशात टाकली.

"पडला तर खालच्या घळीत जाईल," ते म्हणाले. "आणायचा कुणी? तू?"

मी नम्रपणे नकार दिला. टाहर आणखी दहा मिनिटे उभा होता.

परतीच्या वाटेवर अण्णांनी हिशेब मांडला. हेलिकॉप्टरने आत सोडणारी एक शिकार असते. राखीव रानांत तिच्यासाठी सरकार सोडत काढते, आणि यंदा नाव निघाले तर त्यांना जायचे होते. तिथे चार माणसे आणि त्यांच्या पिशव्या एवढ्याशा जागेत बसतात. घडी घातलेली बंदूक गुडघ्यांत राहते. पण चालत जाणाऱ्याला तो ६८० ग्रॅमचा साधा दस्ता बरा. कमी पैसे, कमी वजन, खटका नाही, बिजागरी ढिली पडायची भीती नाही, आणि समुद्राच्या हवेत मॅग्नेशियमवरचा रंग उडाला की ते गंजते ही काळजी नाही. माझेही मत त्याच बाजूला होते. चांगल्या वस्तूला शक्यतो बिजागरी असू नये, असे मला दारे सोडून सर्वत्र वाटते.

"म्हणजे तो साधाच घेतो," अण्णा म्हणाले.

"त्याची नळी डोक्यावर किती येईल?" मागच्या सीटवरून वहिनींनी विचारले.

"आत्ता येते तेवढीच."

पुकाकी मागे पडला, टेकापोही गेला. बर्क्स पासच्या उतारावर वहिनी म्हणाल्या, "घडीचाच घ्या. पण घरात घडी घालायची नाही. कपाटात उघडी ठेवायची, आणि पोरगा सुटीला आला की त्याला आधी सांगायचे."

अण्णांनी मान हलवली. कपाटाची आतली उंची एक मीटर दहा, हे त्यांना फेअरलीला आठवले. तिथे आम्ही मांसाचे गरम पाय खाल्ले आणि कपाट केवढ्याला पडेल याची चर्चा केली.

ऑगस्टमध्ये वहिनींचा फोन आला. नवे कपाट आले होते, दस्ताही आला होता, आणि सोडतीत अण्णांचे नाव निघाले नव्हते. दस्ता त्यांनी स्वतः काट्यावर ठेवला होता. छापलेल्या आकड्यापेक्षा चाळीस ग्रॅम जास्त.

"रंग धरला नसेल त्यांनी," अण्णा मागून म्हणत होते.